दारापासून दारापर्यंतचे तास

लेकीच्या बाळंतपणाला निघालीस, तिकीट हातात आलं, आणि काल फोनवर तू म्हणालीस, "जाऊबाई, पहाटे साडेचारला मुंबईहून उडायचं आणि दुपारी पाऊणला सॅन फ्रान्सिस्को. म्हणजे सव्वाआठ तासांचं तर काम." तिकिटावर तसंच छापलंय, तेव्हा तसं वाटणारच. पण बाई, ते सव्वाआठ तास खरे छत्तीस आहेत. माझी हयात भूगोल शिकवण्यात गेली, शिवाय पोरं तिकडे असल्यामुळे आमचं येणं-जाणं चालूच असतं, म्हणून सविस्तर लिहून पाठवते. भाऊजींनाही वाचून दाखव. आणि बॅगा भरायच्या आधी वाच, विमानतळावर नको.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. मुंबईहून निघायची वेळ मुंबईची, दुबईला उतरायची दुबईची, आणि शेवटची सॅन फ्रान्सिस्कोची. वेगवेगळ्या घड्याळांतल्या वेळा एकमेकींतून वजा करता येत नाहीत. आधी सगळ्या एका घड्याळात आणायच्या, आणि ते घड्याळ आपलं धरायचं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा तास मागे.

आता तुझंच तिकीट समोर घे. समज, १५ तारखेच्या पहाटे साडेचारला मुंबई सुटली. सव्वातीन तासांनी, आपल्या पावणेआठला, दुबई आली. तिथली घड्याळं सव्वासहा दाखवतील. तिथे अडीच तासांचा थांबा. आपल्या सव्वादहाला दुसरं विमान उडालं आणि सोळा तास हवेत राहिलं. सव्वादहात सोळा मिळवले की रात्रीचे सव्वादोन होतात आणि तारीख होते १६. त्यातून साडेतेरा तास वजा कर. दुपारी पाऊण, आणि तारीख पुन्हा १५. तिकिटाशी बरोबर जुळतं बघ.

पण प्रवास विमानतळावर सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. निमगाव केतकीहून तुम्ही १४ तारखेच्या संध्याकाळी पाचला निघाल. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, मग पोरीच्या घरापर्यंतचा रस्ता, याला सव्वातीन तास धर. त्या वेळी आपल्याकडे १६ तारखेची पहाट असेल, साडेपाचची. १४ची संध्याकाळ पाच ते १६ची पहाट साडेपाच, म्हणजे साडेछत्तीस तास. त्यातले हवेत सव्वाएकोणीस, बाकीचे सगळे जमिनीवर. आणि माणूस दमतो तो या जमिनीवरच्या तासांनी. सामान ओढत, रांगेत उभं राहून, पाटी वाचत, "आपलं दार कुठलं" म्हणून शोधत. त्यामुळे कुणी मला "अमेरिका किती लांब" असं विचारलं, तर मी किलोमीटर सांगत नाही. तुकोबारायांच्या पालखीबरोबर चालणाऱ्याला पंढरपूर किती लांब विचारलं, तर तो कोस सांगत बसत नाही; सणसर झालं, आता निमगाव, मग इंदापूर, मग सराटी, असे मुक्काम मोजतो. तूही तसेच मोज. घर ते मुंबई एक, विमानतळावरची रात्र दुसरा, दुबईपर्यंत तिसरा, दुबईचा थांबा चौथा, लांबचं विमान पाचवा, आणि उतरल्यापासून पोरीच्या दारापर्यंत सहावा. प्रत्येक मुक्कामाला काय खायचं, कुठली गोळी घ्यायची, किती वेळ पाय मोकळे करायचे, हे एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेव. मोबाईलमध्ये नको, त्याची बॅटरी नेमकी तेव्हाच उतरते.

तारखेचं एक फार जपून लक्षात ठेव. आपल्या घरात वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनला उठलं तरी आपण आदल्या दिवसाची रात्रच म्हणतो. तिकिटाचा दिवस मात्र मध्यरात्री बाराला बदलतो. १५ तारखेच्या पहाटे साडेचारचं विमान म्हणजे घरातून १४ला निघायचं, आणि रात्री दीडच्या आत विमानतळात शिरायचं. मध्यरात्रीनंतरच्या विमानांना लोक नेमके इथे चुकतात. पंधराचं तिकीट म्हणून पंधराच्या संध्याकाळी बॅगा गाडीत टाकतात, तोवर विमान जाऊन बारा-पंधरा तास झालेले असतात. म्हणून घरातल्या कॅलेंडरवर १५ला खूण करू नकोस. १४च्या चौकटीत "संध्याकाळी ५, घर सोडणे" असं ठळक लिही. गाडीवाल्यालाही तीच तारीख सांग.

गाडीवाल्यावरून रस्त्याचं. तुमच्याकडून मुंबईचा विमानतळ तीनशेच्या आसपास किलोमीटर. पालखी महामार्गाने पाटस, तिथून सोलापूर रस्त्याने पुणे, पुढे द्रुतगती मार्ग. मोकळा रस्ता मिळाला तर सहा तास. पण तू जाणार ऐन गाळपाच्या हंगामात. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याजवळ, पुढे बारामतीच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या डबल ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्ता अडवून चाललेल्या असतात. एक ट्रॉली कलंडली की तासभर कुणी हलत नाही. ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असं नाही, आणि संध्याकाळच्या धूसर उजेडात ते फार धोक्याचं असतं, म्हणून पाटसपर्यंत गाडी सावकाशच चालवायला सांग. उरुळी कांचन, लोणी काळभोर, हडपसर हा पट्टा संध्याकाळी कायम तुंबलेला. शुक्रवार-शनिवार असेल तर खंडाळ्याच्या घाटाचा वेगळा तास धर. मी सहाचे आठ तास धरते. दोन तास लवकर पोचलं तर विमानतळावर बसायला खुर्च्या आहेत, चहा आहे. उशीर झाला तर काहीच नाही.

मुंबई म्हटलं तरी विमानतळ कुठला, हे तिकिटावर बघून घे. पूर्वी फक्त सहार आणि सांताक्रूझ एवढंच बघावं लागे. डिसेंबर २०२५पासून उलव्याचा नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. सहारसाठी तिकिटावर बीओएम असतं, नवी मुंबईसाठी एनएमआय. गाडीवाल्याला नुसतं "मुंबई एअरपोर्ट" सांगू नकोस, टर्मिनलसकट सांग.

पुण्याहून थेट का नाही, असं भाऊजी विचारतात. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, आणि धावपट्टी अडीच किलोमीटरची. पंधरा-सोळा तास उडणारं विमान इंधनाने इतकं जड असतं, की त्याला धावायला तीन किलोमीटर आणि त्याहून जास्त जागा लागते. म्हणून पुण्याहून दुबई, बँकॉक अशी जवळची परदेशी विमानं निघतात, अमेरिकेची नाहीत. मागे काही वर्षं पुण्याहून फ्रँकफर्टला एक लहान विमान जात असे. तेही वाटेत इंधनासाठी उतरायचं. बारामतीच्या एमआयडीसीजवळच्या धावपट्टीवरून आकाशात घिरट्या घालणारी विमानं आपण रोज बघतो, ती शिकाऊ वैमानिकांची. पुरंदरचा विमानतळ होईल तेव्हा होईल. तोवर आपला रस्ता मुंबईचा.

काही जण पुणे-दिल्ली एक तिकीट आणि दिल्ली-अमेरिका दुसरं, असं वेगवेगळं काढतात, चार पैसे वाचतात म्हणून. डिसेंबर-जानेवारीत तसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिल्लीत त्या दिवसांत पहाटे धुकं उतरतं आणि विमानं तासन्‌तास अडकतात. तिकिटं वेगळी असली तर पहिल्याला उशीर झाला म्हणून दुसरं कुणी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि नवं तिकीट आपल्याच खिशातून काढावं लागतं. एकच तिकीट असेल तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी कंपनीवर येते. आपल्या वयाला एक तिकीट, एकच बदल, आणि बदलाला अडीच-तीन तास, हे सगळ्यात बरं. दीड तासाचा थांबा पोरांना परवडतो. त्यांना एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पळता येतं.

आता मला मनापासून आवडणारा भाग सांगते. विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा दिसतो. दुबई सुटली की विमान पश्चिमेला, युरोपकडे वळेल असं तुला वाटेल. पण ते सरळ उत्तरेला निघेल. इराण, मग रशिया, मग वर वर बर्फ. "हे आपल्याला कुठे नेतंय" म्हणून घाबरू नकोस. शाळेतला पृथ्वीगोल आठव, आमच्या घरी अजून आहे, येशील तेव्हा दाखवते. दुबई साधारण ५५ अंश पूर्व रेखांशावर, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला. दोन्हींची बेरीज १८०ला भिडत आली. म्हणजे ही दोन गावं गोलाच्या जवळजवळ बरोबर समोरासमोरच्या बाजूंना आहेत. मग जवळचा रस्ता कुठला? गोलावर दोरा ताणून धरला की तो आपोआप उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जातो. भिंतीवरच्या नकाशात हे दिसत नाही, कारण तिथे गोल फाडून सपाट केलेला असतो आणि ध्रुव ताणून कागदाच्या कडेइतका रुंद केलेला असतो.

हिशेबही तुला पाटीवर करता येईल. दुबई २५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे तिथून ध्रुव ६५ अंश. सॅन फ्रान्सिस्को साडेसदतीस अंशांवर, म्हणजे ध्रुवापासून तिथवर साडेबावन्न. बेरीज साडेएकशेसतरा अंश. एका अंशाचे १११ किलोमीटर. गुणाकार केला की १३,००० किलोमीटरच्या थोडं वर येतं. विमान कंपन्याही हेच अंतर सांगतात. सातवीतल्या पोरीला जमेल असा हिशेब, आणि त्यात पृथ्वीच्या घेराचा जवळजवळ तिसरा हिस्सा मोजून होतो! मुंबई ते दुबई याच्या तुलनेत किरकोळ, १,९०० किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट दोरा ताणला तर १३,५०० किलोमीटर भरतात; तोही लडाख, शिनजियांग, सायबेरिया असा उत्तरेकडूनच जातो.

मग तासांचा हिशेब सोपा वाटतो. विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं, अंतराला ९००ने भागलं, झालं. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण वर वारा असतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार पट्टे आहेत, हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. पाठीशी घेतले तर विमान लवकर पोचतं, समोरून आले तर रखडतं. मुंबईहून लंडनला जाताना जितका वेळ लागतो, त्यापेक्षा परत येताना तासाभराने कमी लागतो तो यामुळेच. अंतर तेच, साधारण ७,२०० किलोमीटर.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण एअर इंडियाचं आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचं त्यांचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता १,४०० किलोमीटरने वाढला, १५,३०० किलोमीटरच्या घरात गेला, आणि वेळ मात्र दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. वारा पाठीशी होता म्हणून. अंतर वाढलं आणि वेळ घटला! वर्गात मी हे सांगितलं की पोरं पुन्हा पुन्हा विचारायची.

वाऱ्यासारखाच दुसरा भाग राजकारणाचा. कुठल्या देशाने आपल्या डोक्यावरून जायला मनाई केली की दोरा वाकवावा लागतो. २०१९मध्ये पाकिस्तानने काही महिने आकाश बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५मध्ये पुन्हा भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंदी झाली, आणि उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालून जाऊ लागली. जून २०२५मध्ये आखातात क्षेपणास्त्रं उडाली तेव्हा कतारने काही तास आकाश मिटलं आणि दोहाला बदल असणारी माणसं जिथल्या तिथे अडकली. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आणि निघताना, दोन्ही वेळा विमानाची वेळ पुन्हा बघायची. मागच्या वर्षी कुणाला किती तास लागले यावर जाऊ नकोस.

औषधांचं आता नीट ऐक, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भाऊजींची साखरेची आणि तुझी रक्तदाबाची गोळी घड्याळाच्या आकड्यावर घ्यायची नाही, दोन गोळ्यांमधल्या तासांवर घ्यायची. पश्चिमेला जाताना दिवस ताणला जातो. तुमची १५ तारीख चोवीस तासांची नाही, साडेसदतीस तासांची असणार आहे. तिकिटाकडे बघून "आज एकदा घेतली" म्हणत बसलं तर मध्ये मोठी फट पडेल. येताना उलटं, दिवस आखूड होतो, आणि दोन डोस जवळ येतात. इन्सुलिन घेणाऱ्याला दोन्ही धोक्याचे. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जाताना तिकीटच घेऊन जा आणि डोसांच्या वेळा आपल्या घड्याळात लिहून घे. याच कारणासाठी एक मनगटी घड्याळ पोरीच्या घरी पोचेपर्यंत बदलायचं नाही. मोबाईल आपोआप बदलेल, त्याला बदलू दे. हातातलं निमगावचंच राहू दे. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि दोन-तीन दिवसांची जास्तीची. मोठ्या बॅगेत कधीच नको.

विमानात हवेचा दाब आपल्या अंगणासारखा नसतो. आतली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तितकी विरळ ठेवतात. कळसूबाई साडेपाच हजार फुटांच्या आतच आहे. म्हणजे सोळा तास तू कळसूबाईपेक्षा उंच बसलेली असतेस, आणि तीही अतिशय कोरड्या हवेत. तहान लागायची वाट बघू नकोस, तासा-दीड तासाने पाणी पी. बाथरूमला जावं लागेल म्हणून बायका पाणी टाळतात, ते करू नकोस. उठणं होतं हाच फायदा. पाय लोंबकळत ठेवून बसलं की सुजतात आणि शिरेत गाठ व्हायची भीती असते. बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करत राहा, दोन तासांनी एक फेरी मार. पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत तुझ्या, तेव्हा डॉक्टरांना दाबाच्या मोज्यांबद्दल विचार.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. लाजायचं काही कारण नाही. ढकलणारा माणूस रस्ता दाखवतो, रांगेतून नेतो, इंग्रजीत विचारलेलं समजावून सांगतो. दुबईसारख्या अफाट विमानतळावर तीच खरी मदत. कागदावर पोरीचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहून पासपोर्टमध्ये ठेव. इमिग्रेशनवाला विचारतो, कशाला आलात, किती दिवस राहणार, कुठे राहणार. खरं तेच, थोडक्यात सांग.

आणि खाण्याच्या पिशवीबद्दल एवढंच, की सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत घालू नकोस. त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणून चालत नाहीत, विमानतळावर काढून ठेवतात. डिंकाचे लाडू इथेच करून ने. मेतकूट, अळीव चालतील, पण तिकडे उतरल्यावर खाण्याचं आहे म्हणून सांगायचं, लपवायचं नाही. कढीपत्ता आणि ताजी फळं अजिबात नकोत.

छत्तीस तास ऐकून दचकली असशील, तर आनंदीबाई जोशींना आठव. त्या ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. अठरा वर्षांची पोर, दोन महिने समुद्रावर. नंतर १९४८च्या जूनमध्ये एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे पहिलं परदेशी विमान ८ तारखेला मुंबईहून उडालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० तारखेला लंडनला उतरलं. आज लंडन साडेनऊ-दहा तासांवर आहे.

पोचल्यावर दोन-तीन दिवस रात्री दोनला टक्क जाग येईल आणि दुपारी चारला डोळे मिटतील. दिवस-रात्रीची पुरती उलटापालट झालेली असते, आणि शरीर दिवसाला तासाभराने सरकतं. म्हणून बाळंतपणाच्या तारखेच्या आधी निदान पंधरा दिवस पोचलंच पाहिजे. आपणच पेंगत असलो तर बाळंतिणीला काय सांभाळणार? पोचल्या दिवशी कितीही झोप आली तरी तिथली रात्र होईपर्यंत कळ काढ. सकाळी उन्हात चालायला जा, ऊन अंगावर पडलं की लवकर जमतं.

इकडे फोन करायच्या वेळेची युक्ती अशी. आपली वेळ घ्यायची, सकाळची रात्र करायची, आणि हिवाळ्यात दीड तास वजा करायचे. आपल्याकडे सकाळचे आठ, म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वजा दीड, साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, मग दीडऐवजी फक्त अर्धा तास वजा करायचा, थेट नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. एवढ्या मोठ्या देशाची घड्याळं एकीकडे, आणि आपल्याकडे अख्ख्या भारताला एकच वेळ, मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. बारामती त्याच्या आठ अंश पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य अर्धा तास उशिरा. इंदापूर आमच्या बारामतीपेक्षा अर्ध्या अंशाहून कमी पूर्वेला, म्हणून तिथे तो दोनेक मिनिटं आधी उगवतो. पन्नास किलोमीटरला दोन मिनिटं. तोच हिशेब पृथ्वीभर लावला की साडेतेरा तास होतात.

संकष्टीचं तू विचारलंस. चंद्र जिथे बघायचा तिथलाच चंद्रोदय धरायचा. तिथल्या गावाचं पंचांग पोरगी फोनवर काढून देईल. कधी कधी तिकडे संकष्टी इंग्रजी तारखेने एक दिवस आधी येते, गोंधळू नकोस. प्रवासाच्या दिवशी मात्र उपास करू नकोस, कुठलाच.

परतीचं आत्तापासूनच सांगून ठेवते, कारण तिथे तारीख उलट्या बाजूने चकवते. जानेवारी २०२१मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर विमान पहिल्यांदा उडालं, कप्तान झोया अगरवाल आणि वैमानिक सगळ्या बायका. ९ तारखेच्या रात्री त्या तिकडून निघाल्या आणि ११च्या पहाटे इकडे उतरल्या. सुमारे १४,००० किलोमीटर, सतरा तासांच्या वर, पण कॅलेंडरवरची १० तारीख सगळी हवेतच गेली. तुझंही तसंच होणार. समज, १ जूनच्या दुपारी पावणेचारला तू तिकडून निघालीस, दुबईला बदल केलास, तर मुंबईत उतरशील ३ जूनच्या पहाटे अडीचला. खरा प्रवास सव्वाबावीस तासांचा, तारखा मात्र तीन. सामान घेऊन बाहेर यायला चार वाजतील. गाडीवाल्याने २ तारखेच्या रात्री आठला निमगाव सोडायचं, हे त्याला फोनवर नाही, लिहून कळव. जूनमध्ये ऊस नसतो, रस्ता मोकळा मिळेल. पण येणं ज्येष्ठ-आषाढात लांबलं, तर तिकीट काढायच्या आधी पालखीचं वेळापत्रक बघ. बारामती, सणसर, निमगाव, इंदापूर या टप्प्यात पालखी असते तेव्हा वाहनं दुसरीकडून वळवतात, आणि निमगावात मुक्काम असेल त्या दिवशी तुमच्या दारापर्यंत गाडी येणारच नाही. तसं झालं तर सरळ आमच्याकडे बारामतीत उतरा. पालखी इंदापूरला सरकली की दुसऱ्या दिवशी हे तुम्हा दोघांना घरी पोचवून येतील.